नागीण गेली, दुखणं राहिलं

बाळंत होऊन माहेरी आले आणि चार दिवसांतच माझं डोकं फिरायला लागलं. खोलीचं दार लोटलेलं, खिडकीला गोधडी टांगलेली, बाजेखाली शेगडी आणि तिच्यात ओवा-शेपा टाकून केलेला धूर. कानाला फडकं गुंडाळायचं, गार पाण्यात हात घालायचा नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर पायांवर उभी राहणारी बाई मी. आमचं गाव भीमेच्या काठावर, शिरूर तालुक्यातलं. पुलावरून ऊस भरलेले ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून जायचे, रांजणगावच्या कंपन्यांच्या बस हॉर्न मारायच्या, आणि मी आपली बाजेवर बसून सगळं नुसतं ऐकायचे. पण तेही सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. माझी आई माझ्या मुलीला हात लावत नव्हती.

बाकी सगळं करायची हं. डिंकाचे लाडू वळायची, अळिवाची खीर करायची, लंगोट धुऊन वाळत घालायची, मला दोन्ही वेळ तेल लावून पोट बांधायची. पण बाळ पुढं केलं की तिला लगेच काहीतरी काम आठवायचं. "अगं, हात पिठाचं हायत." "दूध उतू जाईल, थांब." आमच्याकडे नातवंडाला न्हाऊ घालायचं ते आजीनंच. पाय लांब करून बसायचं आणि पायांवर बाळाला पालथं घालून रगडायचं. इथं ते काम थोरली चुलती करायची, आणि आई लांबून तांब्यानं पाणी घालायची. आपण पाहुणे असल्यासारखी.

मनात नको ते येतंच. मुलगी झाली म्हणून तर नाही ना? छे, असं कसं होईल! ही बाई स्वतः एकुलत्या एका मुलीची आई. माझ्यापायी तिनं आजीची काय काय बोलणी खाल्ली ते मी या कानांनी ऐकलंय. तरी विचार जाईना. बाजेवरून उठायचे, दोन पावलं टाकायचे, परत बसायचे. त्यात शिरूरहून सासूबाईंचा फोन. "विहीणबाईंना नात आवडली ना? फोटोत कुठं दिसल्या नाहीत घेतलेल्या." बोलणं गोड, पण कळायचं ते कळलं. बारसं तोंडावर आलं होतं. आमच्यात पाळण्याखालून आणि वरून बाळ द्यायचं-घ्यायचं असतं. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला आईची आई. सगळ्या बायकांच्या समोर माझ्या आईनं हात मागं घेतले असते, तर सासरच्यांनी एकच अर्थ काढला असता. तो अर्थ माझ्या मुलीला जन्मभर चिकटला असता. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका दुपारी आई माझं पोट बांधत होती. जुन्या लुगड्याची लांब पट्टी, चांगली हातभर रुंद. ती ओढताना आई बाजेला गुडघा टेकवायची, म्हणजे जोर लागतो. बाळ शेजारी पाय झाडत पडलं होतं. त्याची टाच आईच्या डाव्या कुशीला लागली. लागली म्हणजे काय, चाटून गेली. आई "आई गं!" करून ओरडली आणि विजेचा झटका बसावा तशी मागं सरकली. डोळ्यांत पाणी.

हे दचकणं मला ओळखीचं होतं. माझं कामच ते. आमच्याकडे उंदरांच्या मांडीतल्या नसेला दोऱ्याची सैलशी गाठ मारतात. काही दिवसांनी जाळीखालून त्याच्या तळपायाला केसासारखी बारीक नायलॉनची काडी टेकवायची. धडधाकट उंदराला त्याचं काहीच वाटत नाही. नस दुखावलेला उंदीर पाय झटकतो, उचलून धरतो, चाटत बसतो. हळू स्पर्शाचीच त्याला आग होते.

"आई, पदर बाजूला कर."

"काय न्हाई गं, लचकलंय."

"कर म्हणते ना!"

तिनं केला नाही, मीच ओढला. पाठीच्या कण्यापासून निघून डाव्या स्तनाखालपर्यंत आलेला पट्टा. फिकट तपकिरी, मधेच पांढुरके वण. फोड जाऊन बरेच दिवस झालेले.

"नागीण?"

ती बाजेच्या कडेला बसली आणि मान हलवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मला सातवा महिना लागला होता तेव्हा तिला नागीण झाली. पोटुशी बाईच्या कानावरसुद्धा घालायची नाही म्हणून सगळ्यांनी मिळून मला फसवलं. मी यायचं म्हटलं की आबा, माझे वडील, फोनवर सांगायचे, रस्ता खोदलाय, पूल बंद हाय, आत्ता येऊ नको. आणि मी वेड्यासारखी विश्वास ठेवत होते. चुलतीनं दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप लावला. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातं म्हणतात, म्हणून तोंडापुढं तांबड्या मातीची काव ओली करून आडवी रेघ मारली. रोज नवी रेघ. दवाखान्यात नेलं नाही, कारण सुई टोचली की ती चवताळून आत शिरते, असं चुलतीचं ठाम मत. फोड सुकले, खपल्या पडल्या, सगळ्यांना वाटलं सुटलो.

"पन गेली न्हाई गं ती," आई म्हणाली. "वरनं गेली, आत बसलीया. पदर लागला तरी आग व्हती. दुखतंय म्हंजी ती हाय. तुज्या लेकराला लागली म्हंजी? एवढुसा जीव त्यो."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आबा उसातून आले, तर त्यांनी पायताण काढायच्या आत मी सुरू झाले. "आबा, लेक नसांचं दुखणं शिकते पुण्यात, आणि घरात आई जळतेय तर तिला सांगायचं नाही? रस्ता खोदलाय म्हणे! कुणी खोदला?"

आबा खाली बघत म्हणाले, "पोटुशी व्हतीस. काय सांगायचं व्हतं तुला, तूच सांग." आणि तोंड धुवायला निघून गेले. भांडायलासुद्धा माणूस समोर थांबत नाही आमच्याकडे.

मग मी आईला धरून बसवलं. बाळाला पाजत पाजत, फोनवर एका हातानं काही वाचत, मधेच उठून येरझाऱ्या घालत तिला समजावलं. तिची भीती अगदीच खुळी नव्हती, हे आधी कबूल केलं. फोडांत पाणी होतं तेव्हा तान्ह्या बाळाला त्यातून कांजिण्या आल्या असत्या, आणि ते फार वाईट झालं असतं. पण आता कातडी कोरडी, साफ. आता कुणाला काही लागत नाही. मुळात ती सरपटणारी वस्तूच नाही. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या नसेच्या मुळाशी तो विषाणू झोपून असतो, कधीतरी उठतो आणि त्याच एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून पट्टा दिसतो. काम झालं, तो परत झोपला. राहिली ती भाजलेली नस.

"मग अजून का दुखतंय?" आईनं विचारलं.

हाच माझा विषय. यावर मी इंग्रजीत उभ्या उभ्या तासभर बोलते. आईपुढं मात्र पहिलं वाक्यच जमेना. शेवटी म्हटलं, "तू दारं धरायला जायचीस ना रानात?" ती किती वर्षं गेली आहे! मोटर चालू झाली की खोरं घेऊन पाटावर उभं राहायचं, एक वाफा भरला की त्याचं दार चिखलानं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. आता बिबट्यामुळं आबाही एकटे जात नाहीत, ते सोडा.

"तर असं बघ. नसेच्या मुळाशी ज्या पेशी असतात ना, त्यांच्यात सारखं पाटाचं पाणी चालू असतं. हे बनव, ते बनव असे हुकूम निघत असतात. सगळेच वाफे भरायचे नसतात. कुठलं दार बंद ठेवायचं ते राखायला चिखलाचे बारके बारके गोळे असतात. त्यांना आम्ही मायक्रोआरएनए म्हणतो. ते स्वतः काही पिकवत नाहीत. नुसते दारात बसतात आणि हुकूम अडवतात. नस भाजली की काही दारांतले गोळे वाहून जातात, आणि काही नको तिथं साठतात. मग जी नस गप्प राहायची ती पदर लागला तरी बोंब मारते."

"आन् सूज?"

"सूज वरून दिसत नाही, आत असते. मारामारी झाल्यावर राडा आवरायला पेशी येतात तिथं. आवरून घरी जायला पाहिजे ना? पण 'पुरे आता' म्हणून त्यांना थांबवणारे गोळेच कमी पडतात. मग त्या तिथंच ठाण मांडतात आणि नसेला आणखी चिडवतात."

आई विचार करत म्हणाली, "म्हंजी दार फुटलंय. पानी कुनी सोडलं न्हाई तरी वाफा भरतोय."

"अगदी तसंच."

"मग बुजवा की."

"तेच करतोय आम्ही. नेमका कुठला गोळा कुठल्या दारात घालायचा ते शोधतोय. उंदरांत."

"आन् मानसात?"

"अजून न्हाई."

"मग कवा?"

"मला काय म्हाईत कवा! उद्या सकाळी व्हनार हाय का ते?" मी खेकसले, आणि बाळ दचकून रडायला लागलं. आईचा हात सवयीनं पुढं आला आणि अर्ध्यातच थांबला. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मी तोंड फिरवून बाळाला थोपटत बसले.

दुसऱ्या दिवशी आबा तिला दौंडला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मला उंबरा ओलांडू देईनात. चुलतीनं तर दारातच पाट मांडला आणि तिथंच बसली. मग मी फोनवरूनच डॉक्टरांचं डोकं खाल्लं. त्यांनीही तेच सांगितलं, की आता बाळाला काही धोका नाही, खुशाल घ्या. नसेच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन आईला इतकी गुंगी आली की दुधाजवळ बसल्या बसल्या डुलकी लागली आणि पातेलं करपलं. डोस कमी करून घेतला. आग थोडी उतरली, पण बाळ जवळ नेलं की अजून अंग चोरायची.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं की. शिकल्याली मानसं तुमी, खरंच असंल." मग पदर अंगापासून लांब धरत, "पन दुखतंय ना गं."

माझ्याकडे उत्तर होतं, इलाज नव्हता. बारसं तर चार पावलांवर आलेलं. हलवायाला पेढे सांगून झाले, आबांनी पाळणा घासून घेतला, चुलतीनं घुगऱ्यांसाठी हरभरे निवडले. मला काहीच सुचेना. एकदा वाटलं, सासूबाईंना फोन करून खरं काय ते सांगून टाकावं. पण आईनं हात जोडले. "नागीन झाल्याली बाई म्हंत्याल. लेकराला जवळ करू देनार न्हाईत माज्या. कवाच न्हाई." आणि तेही खोटं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी ती माझं पोट बांधायला बसली. माझं कुठंच चित्त नव्हतं. म्हटलं, "सैल बांध गं, श्वास कोंडतोय."

"सैल बांधलं तर उलट दुखतं," ती पट्टी ओढत म्हणाली. "कापड घसरत राह्यलं की काचतं. घट्टच पायजे."

मी तिचा हात धरला. "थांब. परत बोल."

"काय?"

मी उठून उभीच राहिले, पट्टी सुटून पायांत आली. अगं बाई, हे मला आधी कसं सुचलं नाही? हळू, सरकत्या स्पर्शाची वाट वेगळी, घट्ट दाबाची वेगळी. आमचा उंदीर काडी टेकवली की उड्या मारतो, पण तोच टॉवेलात घट्ट धरला की गप पडून राहतो. सगळ्यांना चालतं असं नाही. कित्येकांना दाबही सोसत नाही. पण बघायला काय हरकत आहे?

"पदर काढ. मी हात ठेवते. नाही सोसलं तर लगेच सांग."

तिनं डोळे मिटून घेतले. मी तळहात सपाट केला, आणि न घासता, न कुरवाळता, एकदम त्या पट्ट्यावर टेकवला आणि दाबून धरला. तिनं श्वास रोखला. तिच्या बरगड्या माझ्या हाताखाली आवळल्या आणि मग हळूहळू सैल झाल्या.

"हात काढू?"

"नगं," ती म्हणाली. "हालवू नगं. ऱ्हाऊ दे तसाच."

मग मी लुगड्याची पट्टी मधोमध फाडली. अर्धी तिला. बाजेला गुडघा टेकवला आणि तिनं मला बांधावं तशी तिची छाती बांधली, पाठीकडून पुढं, वेढ्यावर वेढा, कुठं सुरकुती राहू दिली नाही. गाठ मारल्यावर तिनं अंगावरून पदर घेऊन बघितला. सोडला, परत घेतला. कापड कापडावर घासत होतं, अंगावर नाही. कित्येक दिवसांनी हसली.

"आता बाळंतीन कोन म्हनायची?"

आबा चहा मागायला आत आले, दोघींकडे बघितलं आणि म्हणाले, "दोगींनी आवळून घेतलंय. कुस्तीला निघाला का काय?" आणि चहा न घेताच बाहेर गेले. पण बाहेर जाऊन नाक शिंकरल्याचा आवाज आला.

बाळ मात्र तिनं तेव्हाही घेतलं नाही. "बारशालाच घीन," एवढंच म्हणाली. मी जोर केला नाही. फक्त सांगून ठेवलं, की घेशील तेव्हा हळू घेऊ नको. घट्ट घे.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. सासूबाई पाळण्याच्या अगदी जवळ खुर्ची टाकून बसल्या. नणंद एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. नव्या साडीखाली माझ्या पोटाच्या पट्टीचा अर्धा तुकडा आहे, हे आमच्या दोघींशिवाय कुणाला माहीत? मी खांबाला टेकून उभी होते. बसा म्हणत होते सगळे, बसवतच नव्हतं. नणंदेनं पाळण्याखालून बाळ पुढं केलं. आईचे हात गुडघ्यांवर होते. ते हलेनात. गाणं म्हणणारी बाई थांबली. सासूबाईंनी मान पुढं काढली. मी मनात ओरडत होते, घे गं, घे, घे.

तिनं घेतलं. झपकन ओढलं आणि छातीशी असं आवळलं की पोरीनं डोळे मोठे केले.

"अहो विहीणबाई, हळू! लेकरू चेपेल ना," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्यात घट्टच घेत्यात," आई म्हणाली आणि बाळ पाळण्यावरून परत दिलं. पुन्हा खालून घेतलं, पुन्हा वरून दिलं. तिच्या कपाळावर घाम डवरला होता, पण हात ढिला पडला नाही. नणंदेनं कानात नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणे नणंदेच्या पाठीवर चापट्या मारल्या, घुगऱ्या वाटल्या. जाताना सासूबाई मला म्हणाल्या, "फार जीव आहे हो आजीचा." मी नुसती हसले. तोंड उघडलं असतं तर तिथंच रडू आलं असतं.

दुपारी सगळे गेल्यावर आई बाजेवर टेकली. घामानं पट्टी भिजून सैल झाली होती, ती तिनं सोडून टाकली होती. बाळ तिच्या कुशीत, डाव्याच बाजूला झोपलेलं. मी भांडी उचलत होते, पाळणा सरकवत होते, नुसती इकडून तिकडं. तेवढ्यात झोपेत पोरीची बोटं उघडली आणि आईच्या उघड्या बरगडीवरून हळूच फिरली. आईचं सगळं अंग शहारलं. दात आवळलेले मला दिसले.

मी हातातलं तसंच टाकून धावले. "आण इकडं, मी घेते."

तिनं दिलं नाही. हात वर करून मला थांबवलं.

"बस जरा खाली. सकाळधरनं उभीच हायस."

मी बसले. "दुखतंय ना?"

"दुखतंय की." तिनं पोरीची ती मूठ आपल्या तळहातात घट्ट धरून बरगडीवर दाबून ठेवली. "पन आता ती नागीन न्हाई गं. मीच हाय."